यंत्राला वाचता येईल असा हात: मोर्सच्या सरावासाठी एफएलडिजी आणि इतर डिकोडर

मोर्स ऐकून उतरवण्याच्या सरावाला साधने ढीगभर आहेत. पाठवण्याचा सराव मात्र बहुतेक नवशिके भिंतीकडे तोंड करून करतात. की (मोर्स पाठवायची कळ) दाबायची, साइडटोन (आपलाच सूर) ऐकायचा आणि जमते आहे असे समजायचे. गोची अशी की पाठवणाऱ्याला पुढचे अक्षर आधीच ठाऊक असते, त्यामुळे त्याचा कान प्रत्येक चूक परस्पर दुरुस्त करून ऐकतो. पूर्वी शेजारी बसून ‘पुन्हा पाठव’ म्हणणारा कोणीतरी असायचा, एखादा जुना हॅम (हौशी रेडिओचालक) किंवा तारखात्यातून निवृत्त झालेले तारमास्तर. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आणि तारेवरचा मोर्स तर त्याच्या बराच आधी संपला होता. आता असा कान मिळणे कठीण. त्याची जागा काही प्रमाणात डिकोडर घेतो, म्हणजे सूर ऐकून पडद्यावर अक्षरे छापणारे सॉफ्टवेअर.

मात्र त्यासाठी कोणताही डिकोडर चालत नाही. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो: सरावासाठी एफएलडिजी घ्या, त्यातली सगळी हुशारी बंद करा आणि वेग बांधून टाका. बाकीची सॉफ्टवेअर वाईट आहेत म्हणून नव्हे. ती दुसऱ्या कामासाठी बनलेली आहेत.

एमआरपी४० घ्या. गोंगाटात बुडालेला क्षीण सिग्नल उकलण्यात त्याचे नाव मोठे आहे आणि ते रास्तही आहे. सीडब्ल्यू स्किमर (सीडब्ल्यू म्हणजे रेडिओवरचा मोर्स) एकाच वेळी रेडिओ बँडवरचे शेकडो सिग्नल वाचतो. हे दोन्ही कार्यक्रम समोरच्याचा हात कसाही असला तरी त्याला काय म्हणायचे असेल याचा अंदाज बांधतात. ऐकणाऱ्याला असा समजूतदार श्रोता हवाच असतो, पण शिकणाऱ्याला तो घातक. तुमचा डा (मोर्समधला लांब सूर) दोनच डिटांइतका (आखूड सुरांइतका) पडला तरी तो चालवून घेतो, आणि पडद्यावर स्वच्छ मजकूर पाहून तुम्ही खूश होता. सरावासाठी हवा तो कडक मास्तर, चौकटीबाहेरचे उत्तर न तपासणारा.

एफएलडिजी मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालते आणि जुन्या लॅपटॉपवरही कुरकुरत नाही. मूळ कार्यक्रम डिजिटल मोडसाठी आहे, त्यामुळे पडदा पहिल्यांदा पाहून घाबरायला होते. त्यातले नव्वद टक्के आपल्याला लागत नाही. ऑप मोड मेनूतून सीडब्ल्यू निवडा, मग कॉन्फिगरेशनमध्ये मोडेमखालचे सीडब्ल्यूचे पान उघडा. तिथे तीन गोष्टी बदलायच्या.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची, आरएक्स ट्रॅकिंग बंद करणे. ते चालू असते तेव्हा सॉफ्टवेअर तुमच्या वेगामागे धावते. नवशिक्याचा हात एच, एस आणि पाचचा आकडा यांचे डिट भरभर टाकतो. ट्रॅकिंग त्याला ‘वेग वाढला’ असे समजते आणि पुढचा सरळसाधा डिट त्याला डा वाटू लागतो, म्हणजे ई पाठवला तर टी छापला जातो. मग चूक कुठे झाली तेच कळत नाही, कारण छापलेली चूक खऱ्या चुकीनंतर दोन अक्षरांनी उमटते. ट्रॅकिंग बंद केले की पाठवण्यासाठी ठरवलेला वेगच वाचण्यासाठीही धरला जातो. दुसरी, एसओएम डिकोडिंगची खूण काढून टाकणे. ही पद्धत ऐकलेल्या नमुन्याला सर्वांत जवळचे अक्षर शोधून देते, म्हणजे पुन्हा तोच समजूतदारपणा. तिसरी, फिल्टरची रुंदी १५० ते २०० हर्ट्झ ठेवणे. फार अरुंद फिल्टर सुराची शेपटी लांबवतो आणि डिटांमधली मोकळी जागा पुसट होते.

मग वॉटरफॉलवर (येणारे सूर दाखवणाऱ्या पट्टीवर) आपल्या सुराची उभी रेघ दिसेल, तिच्यावर क्लिक करायचे. उजव्या कोपऱ्यातला छोटा चौकोनी दिवा हिरवा हवा. काळा असेल तर आवाज कमी, लाल असेल तर जास्त. स्क्वेल्च (क्षीण आवाज गाळणारा उंबरठा) इतपत चढवायचा, म्हणजे हात कीवरून काढून शांत बसल्यावर पडद्यावर काहीही उमटणार नाही.

हे एवढे जमले तरी निम्म्या लोकांचा डिकोडर पहिल्या दिवशी कचराच छापतो. दोष हाताचा नसतो, आवाजाच्या वाटेचा असतो. लॅपटॉपच्या माइकसमोर ऑसिलेटर (सूर काढणारी सराव-पेटी) ठेवला की पंख्याची घरघर, भिंतीवरून परतणारा नाद आणि कुकरची शिट्टी असे सगळेच आत जाते. अशा गोंगाटातून ई, टी, आय आणि एस यांची रांग लागते, कारण एक ते तीन खुणांची अक्षरे आपोआप जुळून जातात. त्याहून छुपा शत्रू म्हणजे विंडोजचे ध्वनी सुधार. त्यातली गोंगाट दाबणारी सोय माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेली असते. एकसुरी, स्थिर आवाज तिला गोंगाटच वाटतो आणि मोर्स तर नेमका तसाच. परिणामी डाची सुरुवात नीट येते आणि शेवट गिळला जातो. साउंड सेटिंग्जमध्ये त्या माइकच्या गुणधर्मांत जाऊन सगळे सुधार बंद करा, स्वयंचलित गेनही बंद करा आणि मग पुन्हा तपासा. कित्येकांचा ‘बिघडलेला हात’ एवढ्यानेच सुधारतो.

खरा उपाय तारेचा. रिग (रेडिओ संच) असेल तर ब्रेक-इन (की दाबताच प्रक्षेपण सुरू करणारी सोय) बंद करून की दाबायची. प्रक्षेपण होत नाही, फक्त साइडटोन येतो, तो हेडफोनच्या खोबणीतून संगणकात घ्यायचा. रिग नसेल तर ५५५ या टायमर चिपची सराव ऑसिलेटर सर्किट पुरेशी आहे. ९ व्होल्टची बॅटरी, ८ आणि ७ या पायांमध्ये १० किलोओहम, ७ आणि ६ मध्ये १०० किलोओहम, ६ आणि २ एकत्र, तिथून जमिनीला (बॅटरीच्या ऋण टोकाला) ०.०१ मायक्रोफॅरड. यातून सुमारे ६८५ हर्ट्झचा सूर निघतो. की बॅटरीच्या तारेत घालू नका. तिथे घातली की दर वेळी कपॅसिटर भरेपर्यंत सूर सरकतो आणि अरुंद फिल्टरमध्ये डिटची सुरुवात हरवते. ४ क्रमांकाचा पाय १० किलोओहमने जमिनीला बांधा आणि की त्या पायाच्या व बॅटरीच्या धन टोकाच्या मध्ये लावा. ३ क्रमांकाच्या पायावरून १०० किलोओहम आणि १ किलोओहमच्या विभाजकाने सिग्नल कमी करून, मध्ये १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालून माइकच्या खोबणीत द्यायचे. तिथला बूस्ट शून्यावर ठेवायचा. हल्लीच्या लॅपटॉपना चार कड्यांची एकच खोबण असते. तिच्याशी झगडण्यापेक्षा वेगळी माइक खोबण असलेले साधे यूएसबी साउंड कार्ड घेतलेले बरे. बाजारात मिळणारे तयार बझर टाळा. त्यांचा सूर तीक्ष्ण असतो, सुरू व्हायला वेळ लागतो आणि बॅटरी उतरली की सरकतो.

आता हात. मोर्सचे माप सगळ्यांना पाठ असते: डा तीन डिटांचा, अक्षराच्या आत एका डिटाची उसंत, दोन अक्षरांत तीन, दोन शब्दांत सात. पण हे मिलिसेकंदांत मांडले की डोळे उघडतात. डिटाची लांबी म्हणजे १२०० भागिले वेग. मिनिटाला ८ शब्द असतील तर डिट १५० मिलिसेकंदांचा, डा ४५० चा आणि शब्दांमधली जागा १०५० ची, म्हणजे सेकंदाहून जास्त. १२ शब्दांना डिट १०० चा, २० शब्दांना ६० चा. पी-ए-आर-आय-एस हा मापाचा शब्द पुढच्या मोकळ्या जागेसकट बरोबर ५० डिटांचा भरतो, तेव्हा १२ च्या वेगाला तो ५ सेकंदांत बसायला हवा. एफएलडिजी १२ वर बांधा, मोबाइलवर घड्याळ लावा आणि हा शब्द सलग पाच वेळा पाठवा. २५ सेकंद लागले आणि पाचही वेळा शब्द अखंड छापला गेला, तर पाया ठीक आहे.

बहुधा तसे होत नाही. काय छापले गेले ते रागावून पुसू नका, कारण चुकीच्या मजकुरातच निदान असते. चुका मुख्यतः दोन जातींच्या. एक, अक्षर फुटणे. सीक्यू (‘कोणीही उत्तर द्या’ अशी हाक) पाठवले आणि एन-एन-एम-ए उमटले, म्हणजे सी मध्ये डा-डिट नंतर आणि क्यू मध्ये दोन डांनंतर हात रेंगाळला. पी चे ए-एन झाले तर मध्यात थांबलात, डब्ल्यू-ई झाले तर शेवटचा डिट उशिरा आला. व्ही चे एस-टी होणे हे तर व्हीयूने सुरू होणारा भारतीय कॉलसाइन (परवानाधारकाची ओळखखूण) असलेल्या आपल्या लोकांचे खास दुखणे. तीन डिट झाल्यावर डा मारण्याआधी मनगट श्वास घेते. व्हीयूनंतर येणारा दोनचा आकडा यू-एम असा फुटतो आणि तीनचा व्ही-टी. आपला कॉलसाइन आयुष्यात सर्वांत जास्त वेळा पाठवायचा असल्याने सराव तिथूनच सुरू करावा, मजकुराच्या परिच्छेदांपासून नव्हे.

दुसरी जात अक्षरे चिकटण्याची. इथे आपल्या गावांची नावे फार कामाची आहेत, इंग्रजी सरावपुस्तकांतल्या शब्दांपेक्षा जास्त. सातारा पाठवा. टी आणि ए चिकटले तर के होतो आणि एस-ए-के-आर-ए छापले जाते. ए आणि टी चिकटले तर डब्ल्यू, आणि पहिलेच एस-ए चिकटले तर चक्क चारचा आकडा. पुण्यातले एन-ई चिकटून डी होतो, मुंबईतले ए-आय चिकटून एल, नागपूरचे पहिले दोन्ही मिळून एक्स. ठाण्याचे टी-एच एकत्र आले की सहाचा आकडा उमटतो. लातूर तर दोन्हीकडून कसोटी घेते: ए-टी चिकटले तर डब्ल्यू, टी-यू चिकटले तर एक्स. ही पाच-सहा नावे दहा-दहा वेळा पाठवली की कोणत्या जोडीपाशी हात घाई करतो ते कागदावर दिसते. बहुतेकांच्या बाबतीत दोषी जोडी एकच असते, जिथे पहिले अक्षर टी किंवा ई सारखे छोटे आहे. छोटे अक्षर हाताला अक्षर वाटतच नाही, पुढच्याची प्रस्तावना वाटते.

चिकटून कोणतेच अक्षर बनत नसेल तर एफएलडिजी तारा (*) छापते. ताऱ्यांचा पाऊस पडत असेल आणि मोकळ्या जागा ठीक वाटत असतील, तर की तपासा. मळलेल्या टोकांमुळे संपर्क थरथरतो आणि एका डाचे दोन-तीन तुकडे होतात, कानाला तो फक्त किंचित खरखरीत वाटतो. टोकांच्या मध्ये साध्या कागदाची पट्टी घालून, की हलकी दाबून ती ओढून काढा, दोन-चार वेळा. पॉलिश पेपर लावू नका, त्याने टोकांवरचा थर जातो आणि चरे पडतात. टोकांमधले अंतर व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतके पुरे. स्प्रिंग इतकी कडक हवी की हात हलकेच ठेवल्यावर की खाली जाऊ नये.

तिसरा दोष डिकोडर नीट दाखवत नाही, तो म्हणजे डा आणि डिटाचे प्रमाण. स्थिर वेगावर सॉफ्टवेअर साधारण दोन डिटांच्या लांबीवर रेघ आखते, त्याहून लहान तो डिट, मोठा तो डा. म्हणजे सव्वादोन डिटांचा आखूड डाही पास आणि साडेचारचा ओढलेला डाही पास. अक्षराचा शेवटचा डिट लांबवण्याची खोडही, आर चा डब्ल्यू होईपर्यंत, लपून राहते. इथे ऑडॅसिटी लागते. तेही मोफत आहे. एक मिनिटाचा सराव ध्वनिमुद्रित करा, लहरी मोठ्या करून पाहा, एकेक डा निवडा आणि खाली दिसणारी निवडीची लांबी मिलिसेकंदांत वाचा. दहा डिट, दहा डा आणि दहा अक्षरांमधल्या जागा मोजा. डा भागिले डिट हे उत्तर २.८ ते ३.३ च्या दरम्यान आले तर चिंता नको. चारच्या पुढे गेले तर वेगाच्या मागे लागू नका, आधी डा आखूड करा. ही मोजणी तारेने घेतलेल्या आवाजावरच करायची. खोलीतल्या माइकने घेतली तर नादाच्या शेपटीमुळे प्रत्येक सूर लांब आणि प्रत्येक जागा आखूड भरते, आणि नसलेला दोष मागे लागतो. मोजायला अर्धा तास जातो, त्यामुळे रोज करण्याचे काम नाही. आठवड्यातून एकदा केले तरी पुष्कळ.

विंडोजवाल्यांसाठी सीडब्ल्यूगेट हा मधला मार्ग आहे. डिकोडरबरोबरच तो सुराचा आलेख आणि त्यावर उंबरठ्याची रेघ दाखवतो, त्यामुळे पाठवता पाठवताच डिट-डा किती लांबीचे पडताहेत ते डोळ्यांना दिसते. तो शेअरवेअर आहे. आलेख आवडणाऱ्यांना तो एफएलडिजीपेक्षा जवळचा वाटेल. मोबाइलवरच काम भागवायचे असेल तर मोर्सकोड डॉट वर्ल्ड या संकेतस्थळाचा ध्वनी डिकोडर ब्राउझरमध्ये चालतो. त्यातली स्वयंचलित जुळवणी बंद करून सूर आणि वेग हाताने ठरवता येतो, म्हणून आम्ही त्याला मोबाइलवर पहिला क्रमांक देतो. अँड्रॉइडवरचे मोर्स एक्स्पर्ट सीडब्ल्यू स्किमरच्याच घराण्यातले, वाचायला अचाट, आणि नेमक्या त्याच कारणाने सरावाला कच्चे. त्यातच ते साधारण १२ च्या पुढच्या वेगांसाठी आहे. हौशी रेडिओच्या जनरल ग्रेडच्या परवाना परीक्षेला मिनिटाला ८ शब्द पाठवावे आणि घ्यावे लागतात, त्या वेगाला ते उपयोगाचे नाही.

परीक्षेचा विषय निघालाच आहे तर एक खबरदारी. अनेक जण अक्षरे १२ च्या वेगाने पाठवून मधल्या जागा ताणतात आणि सरासरी ८ वर आणतात. पद्धत चांगली आहे, पण डिकोडर १२ वर बांधला असेल तर अक्षरांमधली ताणलेली जागा त्याला शब्दांमधली वाटते आणि प्रत्येक अक्षर सुटे छापले जाते. ती चूक समजून जागा आवळायला जाऊ नका. अक्षरे बरोबर असतील आणि सुटेपणा सगळीकडे सारखा असेल तर हात नीट आहे. कुठे सुटी, कुठे जोडलेली अशी सरमिसळ दिसली तर मात्र जागा डळमळते आहे.

पडद्याकडे पाहत पाठवायचे नाही, हा नियम सगळ्यांत जास्त मोडला जातो. डिकोडरला अक्षर संपले हे कळायला पुढची मोकळी जागा ऐकावी लागते, म्हणून छपाई हातापेक्षा मागेच असते. १२ च्या वेगाला हा उशीर पाव ते अर्ध्या सेकंदाचा. डोळे पडद्यावर असले की हात नकळत छपाईची वाट पाहतो, जागा लांबतात, आणि पडदा काढून घेतल्यावर तोच माणूस घसरतो. खिडकी लहान करा किंवा पडदा वळवून ठेवा. एका कागदावरचा मजकूर तीन मिनिटे पाठवा, मग थांबून छापलेला मजकूर कागदाशी ताडून पाहा, प्रत्येक चुकीखाली ‘फुटले’ की ‘चिकटले’ ते लिहा. पुढची तीन मिनिटे फक्त त्या जोड्या. पंधरा मिनिटांत अशा दोन फेऱ्या होतात आणि त्याहून जास्त वेळ मनगटही देत नाही.

पॅडल (दोन पात्यांची की) आणि इलेक्ट्रॉनिक कीयर वापरणाऱ्यांना या सगळ्यातला अर्धाच भाग लागू होतो. डिट आणि डा कीयर घडवतो, ते मोजण्यात अर्थ नाही. उरतात त्या अक्षरांमधल्या जागा आणि जास्तीचे पडलेले डिट. के च्या जागी सी छापला जाऊ लागला तर डिटाच्या बाजूचे बोट वेळेवर उचलले जात नाही. वेग कमी करून उपयोग होत नाही असे दिसले तर कीयरचा आयंबिक बी मोड ए करून पाहा, कारण बी मध्ये दोन्ही पाती सोडल्यावरही एक उलटा घटक जास्तीचा जातो.

परवाना हातात असलेल्यांसाठी शेवटची तपासणी खुद्द हवेवर होते. रिव्हर्स बीकन नेटवर्कची जगभरची स्वीकार केंद्रे सीडब्ल्यू स्किमर चालवून बँड वाचत असतात. मोकळी फ्रिक्वेन्सी पाहून सीक्यू आणि आपला कॉलसाइन दोन-तीन वेळा पाठवा, मग त्यांच्या संकेतस्थळावर आपला कॉलसाइन शोधा. सिग्नलच्या ताकदीशेजारी वेगाचा आकडा असतो. तुम्ही १५ च्या वेगाने पाठवत होता आणि एका केंद्रावर १५, दुसऱ्यावर १९ दिसले, तर तुमचे डिट आणि डा वेगवेगळ्या वेगांनी चालले असण्याची शक्यता आहे, ऑडॅसिटीकडे परत जा. कॉलसाइनच चुकीचा उमटला, समजा व्हीयू ऐवजी दुसरेच काही, तर ते केंद्र कोणत्या देशातले आहे ते बघा. दूरच्या एकाच केंद्राने चुकवले असेल तर दोष फेडिंगचा (वाटेत सिग्नल क्षीण होण्याचा) असू शकतो. जवळच्या तीन केंद्रांनी एकच चूक केली असेल, तर तो तुमचा व्ही.